पंचांग, मृत्युपत्र आणि नाताळचा खून

१९८४ सालच्या डिसेंबरच्या २६ तारखेस, म्हणजे इंग्रज लोक ज्याला ‘बॉक्सिंग डे’ म्हणतात आणि ज्या दिवशी आदल्या दिवशीच्या टर्कीचे उरलेसुरले थंड काप पुन्हा पानात वाढले जातात त्या दिवशी, बी.बी.सी.ने आपल्या प्रेक्षकांच्या दिवाणखान्यात एक मुडदा आणून ठेवला. कर्नल बॅन्ट्री नावाच्या एका सभ्य, काहीशा मंद परंतु सर्वथा निरुपद्रवी जमीनदाराच्या वाड्यात, ग्रंथालयातील शेकोटीपुढच्या गालिच्यावर, सोनेरी केसांची आणि समारंभी झगा ल्यालेली एक अनोळखी तरुणी गळा आवळलेल्या स्थितीत पडलेली आहे. मोलकरीण धापा टाकीत ती वार्ता मालकिणीस सांगते. आणि मालकीणबाई पोलिसांवर विसंबून न राहता जवळच राहणाऱ्या आपल्या एका वृद्ध, अविवाहित मैत्रिणीस फोन करून तातडीने बोलावून घेतात. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द बॉडी इन द लायब्ररी’ या कादंबरीचे हे रूपांतर २६, २७ आणि २८ डिसेंबर अशा तीन दिवशी दाखविण्यात आले, आणि मिस मार्पल ही लोकर विणणारी म्हातारी जोन हिक्सन या नटीच्या रूपाने इंग्रजांच्या घरात कायमची वस्तीस आली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दारात पणत्या तेवत असताना, घरच्या वडीलधाऱ्यांनी मुलासुनांना भोवती बसवून गळा आवळलेल्या तरुणीचा तपास पाहावा, हे आपल्याकडे कोणासही शुभलक्षण वाटणार नाही. इंग्लंडात मात्र हा आता जवळजवळ कुळाचार झाला आहे. खेडेगावातील जुना वाडा, दारावर हॉली नामक काटेरी पानांची माळ, बाहेर हिम, आत वीसएक पाहुणे, आणि मध्यरात्रीच्या सुमारास एक किंकाळी, एवढे साहित्य जमले की नाताळ साजरा झाला असे तेथील बहुसंख्य लोक समजतात. या चमत्कारिक रूढीचे मूळ इंग्रजांच्या क्रौर्यात किंवा विनोदबुद्धीत शोधणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ते दोन अगदी रुक्ष वस्तूंत सापडते: एक पंचांग आणि दुसरे मृत्युपत्र.

पंचांगापासून आरंभ करू. आज आपण ज्याला इंग्रजी नाताळ म्हणतो तो फार प्राचीन नाही; त्याची घडण बव्हंशी व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत झाली, आणि त्या घडणीत चार्ल्स डिकन्सचा वाटा कोणत्याही धर्मोपदेशकापेक्षा मोठा आहे. १९ डिसेंबर १८४३ रोजी त्याची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि शेकोटी, भाजलेला पक्षी, पुडिंग, एकत्र जमलेले कुटुंब व त्यांच्यामध्ये येऊन बसणारी भुते हे सर्व एकाच माळेत ओवले गेले. हिमाचीही गोष्ट तशीच. दक्षिण इंग्लंडात नाताळच्या दिवशी हिम पडणे हा खरे पाहता अपवादच. परंतु डिकन्सचे बालपण ज्या दशकात गेले ते विलक्षण थंडीचे होते, १८१४ साली तर गोठलेल्या थेम्स नदीवर जत्रा भरली होती, आणि त्या बालपणीच्या स्मृतींनी साऱ्या राष्ट्राच्या कल्पनेत कायमचे हिम पाडून ठेवले. पुढे शंभर वर्षांनी रहस्यकथाकारांना त्या हिमाचा केवढा उपयोग झाला! वाड्याकडे येणारा रस्ता बुजला, तारायंत्र तुटले, पाऊलखुणा उमटल्या किंवा उमटल्या नाहीत, की बाहेरचा चोर आपोआप संशयमुक्त होतो आणि उरलेले सारे नातेवाईक आपोआप संशयित ठरतात.

डिकन्स नुसता लेखक नव्हता, तो संपादक होता, आणि आपल्या नियतकालिकांचे नाताळचे खास अंक काढून त्यांत भुताखेतांच्या कथा घालण्याची वहिवाट त्याने १८५० नंतर दृढ केली. सणाच्या आठवड्यात लोकांच्या हाती पैसा आणि सवड दोन्ही असतात, हे व्यापारी सत्य त्याने ओळखले होते. या वहिवाटीची एक फांदी आपल्या अंगणापर्यंत पोहोचली आहे, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा जो दिवाळी अंक काढला, त्यामागे इंग्रजी मासिकांच्या नाताळ अंकांचाच नमुना होता. तेव्हा दिवाळीच्या फराळाबरोबर रहस्यकथांचा अंक घेऊन बसणाऱ्या मराठी वाचकाने इंग्रजांना फारशी नावे ठेवू नयेत.

भुताची जागा खुन्याने केव्हा घेतली? त्याची एक निश्चित तारीख सांगता येत नाही, परंतु एक घर सांगता येते. विल्टशर परगण्यात रोड नावाच्या खेड्याजवळ रोड हिल हाउस म्हणून एक प्रशस्त घर होते. तेथे १८६० च्या जून महिन्याच्या अखेरीस, रात्री सर्व दारे आतून बंद असताना, सॅव्हिल केंट नावाचे चार वर्षांचेही न झालेले मूल मुलांच्या खोलीतून नाहीसे झाले आणि सकाळी त्याचे शव अंगणातील शौचकूपात मिळाले. दारे आतून बंद होती, म्हणजे खुनी घरातलाच. स्कॉटलंड यार्डाहून जॅक व्हिचर नावाचा इन्स्पेक्टर आला. त्याने धोब्याकडे जाणाऱ्या कपड्यांची यादी तपासून मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीचा रात्रीचा एक झगा कमी आहे हे हेरले आणि तिच्यावर आरोप ठेवला. तेव्हा देशभर जो क्षोभ झाला तो खुनाबद्दल होता त्याहून अधिक, एका सामान्य कुळातल्या पोलिसाने सभ्य गृहस्थाच्या घरची धुण्याची यादी उघडावी याबद्दल होता. मुलगी सुटली, व्हिचरची अब्रू गेली. आणि १८६५ साली त्याच मुलीने स्वतः होऊन अपराध कबूल केला. विल्की कॉलिन्सने तो हरवलेला झगा उचलून आपल्या १८६८ सालच्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीत रंगाच्या डागासह टांगून ठेवला. या कादंबरीतला हिरा १७९९ साली श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रज अधिकाऱ्याने पळविलेला आहे, हे आपल्याकडील वाचकाच्या नजरेतून सुटू नये. इंग्रजी वाड्यातील रहस्याच्या मुळाशी पुष्कळदा अशी परमुलखातून आलेली संपत्ती असते. हिंदुस्थानातील नसली तर दक्षिण आफ्रिकेतील.

आता मृत्युपत्राकडे वळू. इंग्रजी वाडा ही केवळ इमारत नव्हती. ती इनाम, कुळे, शेते, शिकारीचे रान, चर्चमधील राखीव बाक आणि नोकरचाकरांची फौज यांसह एक संस्थान होती, आणि ती थोरल्या मुलाकडून थोरल्या मुलाकडे अखंड जाणे हा तिचा प्राण होता. या प्राणावर पहिला घाव १८९४ साली बसला, जेव्हा अर्थमंत्री हारकोर्ट याने मृताच्या एकूण मालमत्तेवर चढता वारसा-कर बसविला. प्रारंभी त्याचा कमाल दर शेकडा ८ होता; १९१९ साली तो ४० झाला आणि १९४९ साली ८०. पहिल्या महायुद्धात कित्येक घराण्यांत बाप आणि मुलगा लागोपाठ मेले व कर दोनदा भरावा लागला. परिणामी, ज्या काळात रहस्यकथेतील वाडे पाहुण्यांनी गजबजलेले होते, त्याच काळात प्रत्यक्षातील वाडे लिलावात निघत होते, शाळांना आणि इस्पितळांना भाड्याने जात होते, किंवा छपराचे शिसे व दिवाणखान्यातील लाकूड विकून सरळ जमीनदोस्त होत होते. म्हणून त्या कथांतील म्हातारा सदैव मृत्युपत्र बदलण्याच्या बेतात असतो, आणि वकील सदैव उद्या सकाळच्या गाडीने येणार असतो. ज्याचे सर्वस्व एका कागदावर अवलंबून आहे अशा माणसांनी वर्षातून एकदा एका छताखाली जमावयाचे आणि परस्परांस शुभेच्छा द्यावयाच्या, या प्रसंगात जे स्फोटक द्रव्य आहे ते ओळखण्यासाठी फार मोठ्या प्रतिभेची गरज नव्हती; कारागिरीची होती. आणि कारागीर भरपूर होते. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने हेरकथेचे दहा नियम घालून दिले, १९३० साली लंडनात लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, आणि वाचकाशी कपट न करता त्याला चकविणे ही एक मान्य कला ठरली.

या कारागिरांत जिचे नाव अग्रपूजेचे, त्या अगाथा ख्रिस्तीच्या आयुष्यातच एक डिसेंबरची रहस्यकथा घडून गेली होती. ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री ती बर्कशरमधील आपल्या घरातून मोटार घेऊन एकटी निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गिल्डफर्डजवळ न्यूलँड्स कॉर्नर या टेकडीच्या उतारावर ती मोटार बेवारस सापडली. आत फरचा कोट आणि वाहन चालविण्याचा परवाना तसाच पडलेला. पोलिसांनी तळी गाळली, हजारो स्वयंसेवकांनी रान पालथे घातले, विमानही फिरविण्यात आले. शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉयल याने तर तिचा हातमोजा मिळवून तो एका मांत्रिकवजा द्रष्ट्याच्या हाती दिला. अकरा दिवसांनी ती यॉर्कशरमधील हॅरोगेट येथील एका आरोग्यस्नानाच्या हॉटेलात सापडली. तेथे ती मिसेस टेरेसा नील या नावाने राहत होती, आणि नील हे आडनाव तिचा नवरा ज्या तरुणीत गुंतला होता तिचे होते. यावर ती पुढे जवळजवळ कधीच जाहीरपणे बोलली नाही, आणि आत्मचरित्रातही तो कालखंड ओलांडून ती पुढे गेली. मला यात तिचा हट्ट दिसतो त्याहून अधिक शहाणपण दिसते.

हॅरोगेटहून तिला जेथे नेण्यात आले ते घर म्हणजे चेशरमधील अ‍ॅबनी हॉल. तिच्या थोरल्या बहिणीचे, मॅजचे, सासर. वडील वारल्यावर लहानग्या अगाथेचे नाताळ आईबरोबर याच वाड्यात जात असत, आणि त्या जेवणाचे तिने केलेले वर्णन वाचताना वाचकाचेच पोट जड होते: शिंपल्यांचे सार, मासा, उकडलेली टर्की, भाजलेली टर्की, गोमांसाचा प्रचंड तुकडा, मग पुडिंग, मग मिन्स पाय, आणि एवढ्यावर दुपारी चॉकलेटे. बहिणीच्या धाकट्या दिराशी तिची अधिक कोण खातो अशी चढाओढ चाले. इतका सुखाचा नाताळ जिने अनुभवला होता, तिनेच नाताळच्या आदल्या रात्री गळा चिरलेला म्हातारा निर्माण करावा, ही गोष्ट विरोधाभासाची भासेल; पण ज्या घरी हे नाताळ झाले, तेथल्याच मेव्हण्याने, जेम्स वॉट्सने, तिच्याकडे तक्रार केली होती की तुझे खून अलीकडे फार नाजूक होत चालले आहेत, जरा रक्ताने माखलेला एखादा येऊ दे. ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’ ही कादंबरी तिने त्यालाच अर्पण केली.

१९३८ च्या डिसेंबरात निघालेली ही कादंबरी या साऱ्या परंपरेची सनद होय. सिमियन ली नावाचा, दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांवर गबर झालेला, दुष्ट आणि अपंग म्हातारा आपल्या सर्व मुलांना नाताळास वाड्यावर बोलावून घेतो. ज्याला वर्षानुवर्षे तोंड दाखविण्यास बंदी होती त्यालाही बोलावतो. त्याच्या खोलीतील तिजोरीत बिनपैलूचे हिरे आहेत, ते तो हातावर घोळवीत बसतो. मग सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने वकिलास फोन करून सांगतो की मृत्युपत्र नवे करावयाचे आहे. त्याच रात्री वरच्या मजल्यावर फर्निचर कोसळल्याचा गडगडाट, एक अमानुष किंकाळी, आतून कुलूपबंद दार, आणि दार फोडल्यावर दृष्टीस पडणारे एवढे रक्त की पाहणाऱ्यांनाही त्या प्रमाणाचे नवल वाटावे. खुनी कोण हे मी सांगणार नाही. ज्याने वाचली नाही त्याचा तो हक्क आहे. परंतु या कादंबरीतील खरी मौज तपासाच्या आधी आहे. पोलिसप्रमुख कर्नल जॉन्सन शेकोटीशी पाय पसरून म्हणतो की नाताळ म्हणजे सद्भावनेचा काळ, तेव्हा गुन्हे कमी. आणि त्याच्याकडे पाहुणा आलेला बेल्जियन हेर पॉयरो, ज्याला लाकडाच्या शेकोटीपेक्षा नळांतून खेळणारी मध्यवर्ती उष्णता अधिक प्रिय आहे, त्याला शांतपणे समजावतो की जी माणसे वर्षभर एकमेकांपासून मुद्दाम दूर राहतात त्यांना सक्तीने एकत्र आणून, भरपेट खाऊ घालून, प्रेमाचा देखावा करावयास लावणे हे खुनास पोषकच आहे. इंग्रजी सणाबद्दल इतके स्पष्ट बोलण्याचा अधिकार परकीयालाच असावा हेही ख्रिस्तीने नेमके हेरले.

युद्धानंतर ख्रिस्तीबाईंचे प्रकाशक दर वर्षी एक कादंबरी नाताळच्या बाजारास सादर करू लागले, आणि ‘नाताळासाठी ख्रिस्ती’ हे त्यांचे घोषवाक्यच झाले. या गर्दीतून एकाच इतर पुस्तकाचा मी येथे आवर्जून उल्लेख करीन: सिरिल हेअर या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका न्यायाधीशाचे, १९५१ सालचे ‘अ‍ॅन इंग्लिश मर्डर’. हिमाने वेढलेला वॉरबेक हॉल, मरणाच्या दारी असलेला लॉर्ड, आणि पाहुण्यांत मध्य युरोपातून आलेला, जुनी दप्तरे चाळणारा एक निर्वासित इतिहाससंशोधक. या खुनाचे कारण जगाच्या पाठीवर इंग्लंडखेरीज अन्यत्र संभवत नाही, आणि ते त्या परक्यालाच आधी उमगते. वारसाहक्काच्या शास्त्राचा एवढा काटेकोर वापर ख्रिस्तीबाईंनीही केलेला नाही.

दूरचित्रवाणीशी या विधेची सोयरीक फार लवकर झाली, पण संसार फार उशिरा थाटला गेला. बी.बी.सी.ची नियमित चित्रवाणी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नोव्हेंबर १९३६ मध्ये सुरू झाली, आणि १८ जून १९३७ रोजी तेथून पॉयरोची ‘वॉस्प्स नेस्ट’ ही नाटिका, फ्रान्सिस सलिव्हन या नटाला घेऊन, प्रत्यक्ष प्रसारित झाली. पुढे मात्र ख्रिस्तीबाईंचे मन या माध्यमावर बसले नाही. मार्गारेट रदरफर्डला घेऊन १९६१ ते १९६४ च्या दरम्यान निघालेल्या विनोदी चित्रपटांनी तर त्या इतक्या विटल्या की परवानगीचे दार जवळजवळ बंदच झाले. १२ जानेवारी १९७६ रोजी त्या निवर्तल्या, आणि किल्ल्या कन्या रोझलिंड हिक्स यांच्या हाती आल्या. या बाई आईहूनही सावध. पॉयरोची भूमिका करावयास निघालेल्या डेव्हिड सुशे यांना त्यांनी बजावले होते की प्रेक्षकांनी पॉयरोबरोबर हसावे, पॉयरोला हसता कामा नये.

मधल्या काळात वाड्यांचे काय झाले होते? १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अ‍ॅण्ड अ‍ॅल्बर्ट संग्रहालयात एक प्रदर्शन भरले. त्यात एका शतकात पाडल्या गेलेल्या हजाराहून अधिक वाड्यांचा पंचनामाच मांडण्यात आला होता, आणि एका दालनात कोसळणाऱ्या खांबांच्या देखाव्यात त्यांची छायाचित्रे लावून त्यांची नावे एकामागून एक उच्चारली जात होती. जे वाचले ते तिकीट लावून, चहाची दुकाने मांडून, लग्नांना जागा देऊन तग धरून राहिले; आणि त्यांच्या उत्पन्नाच्या बाबींत चित्रीकरणाचे भाडे ही एक नवी बाब आली. ज्या मालकाच्या आजोबाने वारसा-कर भरण्यासाठी भिंतीवरची चित्रे विकली, त्याच्याच जेवणघरात आता भाडोत्री नट त्याच्या आजोबाचा खून पाडू लागले. अ‍ॅबनी हॉल मात्र तेवढेही भाग्यवान ठरले नाही. तेथे काही वर्षे नगरपरिषदेची कचेरी होती.

१९८४ च्या त्या मिस मार्पलचे यश या पार्श्वभूमीवर पाहावे. हॅम्पशरमधील नेदर वॉलप हे गवताच्या छपरांचे खेडे सेंट मेरी मीड म्हणून दाखविण्यात आले. जोन हिक्सन त्या वेळी ७८ वर्षांच्या होत्या. चाळीसएक वर्षांपूर्वी खुद्द लेखिकेने त्यांना चिठ्ठी लिहून, पुढे कधीतरी तुम्ही माझी मिस मार्पल व्हावे, अशी इच्छा कळविली होती. त्यांनी बाराही कादंबऱ्या १९९२ पर्यंत पुऱ्या केल्या, आणि त्यांतील कित्येक नाताळच्याच आठवड्यात दाखविल्या गेल्या. त्यांचा अभिनय म्हणजे जवळजवळ काही न करणे. निळसर डोळे क्षणभर स्थिर होत, विणकामाची सुई थांबे, आणि समोरचा माणूस फासावर जाणार हे प्रेक्षकाला कळून चुके. अशी निर्दयता इतक्या मृदू स्वरात क्वचितच पाहावयास मिळाली आहे.

खासगी वाहिनी आय.टी.व्ही.वर सुशे यांचा पॉयरो जानेवारी १९८९ मध्ये अवतरला आणि २०१३ पर्यंत ७० भागांत तो चालला. सिमियन लीची कथा १९९४-९५ च्या नाताळ हंगामात त्यांनी केली. चित्रीकरण केंटमधील चिलहॅम कॅसल या १६१६ सालच्या वाड्यात झाले. त्यात पटकथाकाराने एक फार चतुर फेरफार केला: पॉयरोच्या लंडनमधील घरातले उष्णतायंत्रच बंद पडते, आणि खुनाच्या वाड्यात नळांतून ऊब खेळते असे समजल्यावरच तो आमंत्रण स्वीकारतो. मूळ कादंबरीतील मर्म याने बिघडले नाही, उलट उजळले.

तेवढ्यात १९९७ साली मिडसमर नावाचा एक सबंध काल्पनिक परगणाच खुनांसाठी वसविण्यात आला. कॅरोलाइन ग्रॅहम यांच्या कादंबऱ्यांवरून निघालेल्या ‘मिडसमर मर्डर्स’ या मालिकेचे चित्रीकरण ऑक्सफर्डशर व बकिंगहॅमशरच्या खेड्यांत होते. फुलझाडांची स्पर्धा, घंटानाद मंडळ, क्रिकेटचा सामना, यांपैकी कशातूनही तेथे मुडदा निघू शकतो. २००४ च्या नाताळच्या दिवशी दाखविलेल्या भागात तर टेबलावरच्या कागदी फटाक्यातून, ज्यात एरवी पाणचट विनोद निघतो, मृत्यूची धमकी निघते. ही मालिका मी गंभीरपणे घेत नाही, आणि तिचे कर्तेही घेत नसावेत. मात्र २०११ साली तिच्या निर्मात्याने एका मुलाखतीत जे म्हटले ते गंभीर होते: या खेड्यांत गोरेतर माणसे नाहीत म्हणूनच मालिका चालते, असा त्याचा आशय होता. त्याला निलंबित करण्यात आले, तो पुढे मालिकेतून बाहेर पडला, आणि यथावकाश मिडसमरात आशियाई वंशाची माणसेही राहू लागली व खुनाच्या संशयात समान हक्काने येऊ लागली. खेड्याच्या त्या चित्रातील गोडवा कोणाकोणाला वगळून आला होता, हे एकदा उघड बोलले गेले हे बरे झाले.

२०१५ पासून बी.बी.सी.ने पटकथाकार सेरा फेल्प्स यांच्याकरवी नाताळच्या ख्रिस्तीला काळी किनार लावली. विनोद गेला, युद्धाच्या जखमा आल्या, प्रकाश राखी झाला. त्यांतील ‘ऑर्डील बाय इनोसन्स’ची गंमत अशी की तीत नाताळच्या पूर्वसंध्येस खून दाखविला होता आणि ती २०१७ च्या नाताळासच लागावयाची होती, परंतु एका नटावर आरोप आल्याने त्याचा सर्व भाग दुसऱ्या नटाकडून पुन्हा चित्रित करावा लागला, आणि तो नाताळचा खून प्रेक्षकांनी एप्रिल २०१८ मध्ये पाहिला. पंचांग चुकले की या विधेची अर्धी चव जाते. फेल्प्सबाईंची बुद्धी तीक्ष्ण आहे. पण सणाच्या दिवशी मनुष्य न्याय पाहावयास बसतो, वैफल्य नव्हे, आणि प्रेक्षकांपैकी ज्यांनी कुरकुर केली त्यांच्या बाजूने मी आहे.

ज्या वाचकास या साऱ्या संभारातून एकच पाहावयाचे असेल त्याने २५ डिसेंबर १९८७ रोजी दाखविलेले ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ पाहावे. नाताळची खरेदी करून आगगाडीने परतणाऱ्या एका बाईस शेजारून समांतर धावणाऱ्या गाडीचा पडदा वर उडाल्यावर गळा आवळला जात असलेली स्त्री दिसते, आणि मिस मार्पलखेरीज कोणीही तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. तपास ज्या वाड्यापाशी पोहोचतो त्याच्याभोवती शहर वाढत आले आहे. बापाच्या मृत्युपत्राने म्हाताऱ्या मालकाला केवळ उत्पन्न दिले आहे, मिळकत विकता येत नाही, आणि त्याच्या मागे ती हयात वारसांत वाटली जाणार आहे, म्हणजे वारस जितके कमी तितका वाटा मोठा. पंचांग आणि मृत्युपत्र इतक्या चोखपणे क्वचितच एकत्र आली असतील. याच कादंबरीवर १९६१ साली मार्गारेट रदरफर्डचा जो चित्रपट निघाला होता, ज्याने लेखिका रुष्ट झाली, त्यात वाड्यातील घरकाम करणाऱ्या बाईची छोटीशी भूमिका जोन हिक्सन यांनीच केली होती.